पाचवा वाफा

सांबाराची एक जुडी बांधायला किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. कोथिंबिरीला आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणतात. एका जुडीचा वेळ सांगता येणार नाही आणि शंभर जुड्यांचाही नाही. वाफ्यात बसताना ऊन पाठीवर असतं, उठताना ते तोंडावर आलेलं असतं. मधल्या वेळेचं काय झालं ते मला कधीच कळलेलं नाही. अकोल्याला आल्यापासून मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या मधल्या वेळेची. हे वाचून कुणी हसेल, म्हणून मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं वावर वलगावच्या पुढे, रस्त्यापासून थोडं आत आहे. थोडा कापूस, थोडी तूर आणि विहिरीजवळच्या तुकड्यात भाजी. मेथी, पालक, सांबार, मुळे. संध्याकाळपर्यंत जुड्या बांधून, हौदात धुऊन, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या आणि पहाटे बाबांनी त्या गाडीला बांधून अमरावतीच्या बाजारात न्यायच्या, असा आमच्या घराचा दिवस.

काम अगदी सोपं आहे. वाफ्याला आदल्या दिवशी पाणी दिलेलं असतं, त्यामुळे माती मऊ असते. रोपं मुळाशी धरून वर ओढली की काळ्या मातीतून मूळ अलगद सुटून येतं. टाचेवर एकदा आपटायचं, माती झडते. पिवळं पान खुडायचं. मुळं एका रेषेत आणायची. मूठ भरली की केळीच्या वाळक्या सोपटाची भिजवलेली पट्टी दोनदा फिरवायची, पीळ द्यायचा, टोक आत खोचायचं. जुडी मागे टाकायची आणि उकिडवं बसल्या बसल्याच पुढे सरकायचं. एवढंच.

मूठ भरली हे ओळखायचं कसं, तर आईच्या हिशेबाने अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना भेटता भेटता राहिलं पाहिजे. मी पहिल्यांदा वाफ्यात बसले तेव्हा तिसरी-चौथीत असेन. आईने एक जुडी बांधून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवली आणि म्हणाली, "हे पाह्य. इच्यापेक्षा बारीक नको, इच्यापेक्षा मोठी नको." माझा हात लहान होता. माझी बोटं भेटायची तेव्हा जुडी काडीसारखी असायची. मग मला बोटांमध्ये किती जागा सोडायची ते शिकावं लागलं. पहिले काही महिने मी दर जुडी त्या धुऱ्यावरच्या जुडीशेजारी ठेवून बघत असे. नंतर बघणं सुटलं. हाताला कळायला लागलं. बाबा बाजारातून आले की मुद्दाम मोठ्याने सांगायचे, "गिऱ्हाईक म्हने, भाऊ, मायच्या हातच्या कोनत्या अन् पोरीच्या हातच्या कोनत्या? मी म्हनलो, मलेच ओळखू येत नाई."

हाताला कळायला लागलं त्यानंतरच ते वेळेचं सुरू झालं.

आई आणि मी शेजारी शेजारी बसायचो. ती एका वाफ्यात, मी दुसऱ्यात. फोन घरीच, कारण चिखलाच्या हाताने तो धरायचा कोणी? बोलणं चालायचं, पण ते इतकं सावकाश की त्याला बोलणं म्हणावं की नाही कोण जाणे. आई मधेच म्हणायची, "तुह्या मावशीनं फोन नाई केला लय दिवसात." मी वाफ्याच्या मध्यावर असायची. टोकाला पोचल्यावर म्हणायची, "तू कर ना मग." ती पुढचा वाफा सुरू करताना म्हणायची, "करतो." या तीन वाक्यांच्या मध्ये अर्धा तास गेलेला असायचा आणि आम्हा दोघींनाही संवादात खंड पडल्यासारखं वाटायचं नाही.

दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी दुपारी मी अशीच मेथीत बसले होते. आईने खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी दचकले. "उठ आता. मोटर बंद होऊन किती येळ झाला, तुले आवाजबी नाई आला?" मी मागे वळून पाहिलं तर माझ्यामागे जुड्यांची लांबच लांब ओळ पडलेली होती. मला पाचसात जुड्या बांधल्याचं आठवत होतं. बाकीच्या कुणी बांधल्या? आई हसली आणि म्हणाली, "लागली तुले." कशाची काय लागली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून मला कळलं की हे तिलाही होतं.

आता बियाण्याबद्दल सांगायला हवं.

आईचं माहेर धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेराहून परत आली तेव्हा तिने फडक्यात बांधून मूठभर धने आणले होते. तिच्या आईच्या वावरातल्या सांबाराचे. त्या सांबाराचं पान लहान, देठ मुळाजवळ तांबूस, आणि वास असा की एक काडी चुरगाळली तरी हाताला रात्रीपर्यंत राहतो. बाजारच्या बियाण्याचं पान मोठं, जुडी भरगच्च दिसते, लवकर खपते. म्हणून बाबांनी हळूहळू सगळीकडे बाजारचं बी लावलं. आई त्याबद्दल भांडली नाही. फक्त पाच वाफ्यांपैकी शेवटचा वाफा तिने कधी दिला नाही. त्यात माहेरचे धने. तो वाफा उपटायचा नाही. वाफ्याच्या तोंडाशी ती एक तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, खोसायची आणि तिला जुन्या पातळाची चिंधी बांधायची. माघ-फाल्गुनात त्याला पांढरी फुलं यायची, माश्या घोंघावायच्या, मग दाणा भरायचा. तो झोडून आई पुढच्या वर्षीचं बी वेगळं काढायची आणि उरलेले धने घरात वापरायची. तिच्या माहेरी मात्र आजी गेल्यावर भाजीचा तुकडा मोडला. मामा आता सगळीकडे सोयाबीन आणि हरभरा पेरतात. म्हणजे तो सांबार आता आमच्या पाचव्या वाफ्यातच उरला होता. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

बारावीनंतर मला अकोल्याला शेतीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बडनेऱ्याच्या स्टेशनवर बाबा सोडायला आले होते. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीबाहेर उभे होते आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "तिकीट हाय नं?" तिकीट माझ्या मुठीत घामाने ओलं झालं होतं.

अकोल्यात मला कुणी त्रास दिला नाही. शिकवणारे चांगले, मैत्रीण चांगली. आम्ही दोघी एका खोलीत भाड्याने राहतो, ती बाळापूरकडची. तरीही मला सांगायचं ते असं की तिथे मला सतत किती वाजले ते माहीत असायचं. तासाला बसले की पंचवीस मिनिटं झाली हे माहीत. लायब्ररीत पान वाचून होईस्तोवर दोनदा घड्याळाकडे नजर गेलेली. चार मिनिटं, सात मिनिटं. वेळ जायचा नाही आणि पुरायचाही नाही. मी पोळ्या लाटून पाहिल्या, दोघींचे कपडे मीच धुऊन पाहिले. हात चालायचे पण मन खोलीच्या दाराशी उभं असायचं.

एकदाच झालं. बियाण्याच्या प्रयोगशाळेत चिमट्याने दाणे मोजून ओल्या कागदावर मांडायचे होते, शंभराच्या चार रांगा. मी मांडत गेले. मान वर केली तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं आणि तिथले काका किल्ल्या वाजवत दारात उभे होते. "बाई, घरी जायाचं नाई का? सगळे गेले नं." मी रस्त्याने चालत आले तेव्हा डोळे भरून येत होते आणि मी आनंदात आहे की दुःखात, ते मला कळत नव्हतं.

आईचा फोन रोज यायचा.

"जेवली का?"

"जेवली."

"करमते का तिथं?"

"करमते ना. इथं मोप पोरी हाय. येळ कसा जाते समजत नाई."

हे शेवटचं वाक्य मी दर वेळी म्हणायची. का म्हणायची ते माझं मला माहीत होतं. आई शाळेत चौथीपर्यंतच गेली. माझ्या कॉलेजाच्या ओळखपत्रावरचा फोटो तिने शेजारच्या चार घरी दाखवला होता. तिला मी काय सांगणार?

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात घरून निघताना आईने मला धने दिले होते. ती एरवी पूड करून द्यायची, पण त्या दिवशी लाईन नव्हती, मिक्सर चालेना. तिने प्लास्टिकच्या बरणीत अख्खे धने भरले आणि म्हणाली, "भाजून कुटून घेजो. भाजीत टाकजो." मी ते भाजले नाहीत, कुटलेही नाहीत. खोलीत जास्त झालं की मी बरणीचं झाकण उघडायची, नाक आत घालायची, आणि झाकण लावून टाकायची. मैत्रिणीने एकदा पाहिलं.

"काऊन वं, पूजा करून राहिली का त्या बरनीची? भाजीत टाक नं दोन दाने, आपली भाजी पानचट होते."

"टाकीन उद्या," मी म्हणाले. बाजारातून तयार धनेपूड आणली आणि भाजीत ती टाकली.

यंदाच्या जानेवारीत परीक्षा संपली आणि मी घरी आले. संक्रांत झालेली होती, गावात घरोघर हळदीकुंकू चालू होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आई साडी बदलून निघाली. आमच्या शेजारच्या वावरातल्या काकू तिला न्यायला आल्या होत्या.

"चार वाफे काढजो सांबाराचे," आई म्हणाली. "उद्या बाजाराले पायजे. पाचवा बियाचा हाय."

"माहीत हाय आई. दरवर्षीच असते."

काकू म्हणाल्या, "तिले काय सांगतं वं? ते तं शेतीचीच सायब होऊन राहिली."

आम्ही तिघी हसलो. त्या गेल्या आणि मी सोपटाच्या पट्ट्या भिजवून वावरात निघाले.

रोज आम्ही वाटेच्या बाजूने जातो. तिकडून मोजलं की पहिला वाफा, दुसरा, असं करत पाचवा विहिरीशी येतो. त्याची तुराटीही वाटेकडच्या तोंडाशीच खोसलेली असते. त्या दिवशी बाबांनी सकाळी गव्हाला पाणी सोडलं होतं आणि पाट फुटून वाटेवर चिखल झाला होता. मी विहिरीकडून वळसा घालून गेले. समोर जो वाफा आला त्याच्या कडेला गोणपाट टाकलं आणि बसले. तुराटी दुसऱ्या टोकाला होती, हिरव्या पाल्याच्या पलीकडे. मी मान वर करून पाहिलं असतं तर चिंधी दिसली असती. मी पाहिलं नाही. मी बघत होते हातांकडे. सात-आठ महिन्यांत जुडी बांधली नव्हती, आणि हाताला जमेल की नाही याची मला भीती वाटत होती.

पहिली मूठ उपटली, टाचेवर आपटली आणि वास आला.

तो वास मी ओळखायला हवा होता. मी ओळखलाच होता, दुसरं काय! तो बरणीतला वास होता. अकोल्यातल्या खोलीत झाकण उघडून नाक घालायची तोच, पण ओला, मातीसकट, सगळीकडून येणारा. मला वाटलं घर असंच वास देतं. एवढंच वाटलं. हा वास या वावरातल्या एकाच वाफ्याला येतो, ही माहिती माझ्या डोक्यात कुठेतरी होती, पण त्या दुपारी ती माझ्या हातांपर्यंत पोचली नाही.

दुसरी जुडी जराशी सैल झाली. तिसरी बरोबर. दहाव्या जुडीनंतर मला जुड्या आठवत नाहीत. मुळं सुटतानाचा तो बारीक आवाज आठवतो, पाठीवरचं ऊन आठवतं. कुठल्याशा झाडावर एक पक्षी एकच सूर लावून बसला होता. अकोला नव्हतं, परीक्षा नव्हती, निकाल नव्हता. किती वाजले ते मला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं. इतके महिने मी जिची वाट पाहत होते ती दुपार मला मिळाली होती.

"हे काय केलं वं?"

आई धुऱ्यावर उभी होती. कपाळावर ताजं कुंकू, हातात वाणाचा डबा. मी हसून मागे पाहिलं, जुड्यांची ओळ दाखवायला. तीन वाफे मोकळे झाले होते आणि चौथ्यात मी अर्ध्यावर होते. मग मी तिच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. मोकळ्या काळ्या वाफ्याच्या तोंडाशी तुराटी एकटीच उभी होती. चिंधी हलत होती.

मी धावत त्या वाफ्यात गेले आणि कोपरे शोधू लागले. एखादं रोप राहिलं असेल, एखादं तरी. एका रोपालाही शेपाचशे दाणे येतात, हे मी कॉलेजात शिकले होते. पण मी स्वच्छ काढते. वाफ्यात एक काडी मागे राहिली तर आई ओरडायची, म्हणून मला तशीच सवय आहे. एकही राहिलं नव्हतं.

आई खाली बसली. तिने ओळीतल्या पहिल्या जुड्या उचलल्या, सोडल्या, आणि नव्या साडीतच ती एकेक रोप परत मातीत दाबू लागली. मीही बसले. सांबाराचं सोटमूळ तुटलं की ते पुन्हा धरत नाही, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. आम्ही लावत गेलो. पाणी घातलं.

बाबा आले, त्यांनी पाहिलं. "बाजारात भेटते नं बी," ते म्हणाले. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "घरात नाई का थोडे?"

"दिवाळीच्या मसाल्यात कुटले. जेवढं बी होतं तेवढं पेरलं."

"अन् पोरगी शेतीचं शिकते," बाबा म्हणाले. ते चेष्टेने म्हणाले होते. कुणी हसलं नाही म्हणून ते गोणपाट झटकायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी लावलेली रोपं आडवी झाली. उरलेल्या जुड्या आईने बाजाराला जाऊ दिल्या नाहीत. दोन काकूंकडे दिल्या आणि बाकीच्यांची सांबारवडी केली. घरभर तो वास. वडी नेहमीसारखीच खरपूस झाली होती. मी एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली, कारण खाल्ली नसती तर आईला वाईट वाटलं असतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एकदा, ताट उचलताना, म्हणाली, "माहाबी हात असाच चालते. मग काई दिसत नाई." आणि थोड्या वेळाने, "म्हून तं तुराटी खोसत होतो."

मी अकोल्याला परत आले. खोलीचं कुलूप उघडलं, पिशवी ठेवली. बरणी फळीवर होती.

एवढे दिवस ती मला का आठवली नाही, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलं आहे. माझ्यासाठी ते धने बियाणं नव्हतंच. ते घरी जाण्याचं एक साधन होतं, बसभाडं न लागणारं. मी बरणी खाली काढली. पाऊण भरलेली होती. काही दाण्यांना भोकं पडली होती, तळाशी भुसा होता. मैत्रीण म्हणाली, "आता तरी टाकतं का भाजीत?" मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "माह्यं ऐक, आपली भाजी पानचटच बरी."

मी वीस दाणे निवडले. वहीच्या पुठ्ठ्याखाली हलकेच रगडून त्यांच्या दोन दोन फाकी केल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवल्या. रोज सकाळी उठल्याबरोबर फडकं उघडायची. पाचवा दिवस, काही नाही. आठवा दिवस, काही नाही. फोनवर आई विचारायची, "करमते का?" मी म्हणायची, "करमते." बियाण्याबद्दल मी बोलले नाही. उगवलं नसतं तर तिला दुसऱ्यांदा दाखवून हिसकावल्यासारखं झालं असतं. अकराव्या दिवशी एका फाकीतून पांढरं टोक आलेलं दिसलं. दोन दिवसांत नऊ कोंब झाले.

शनिवारी मी बरणी घेऊन घरी गेले. आई हौदाशी पालक धूत होती. मी बरणी तिच्यासमोर ठेवली. तिने हात पदराला पुसले, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. अगदी मी घालते तसंच. मला तिकडे बघवेना.

"हे तं मी देल्ले होते तुले. दीड वर्स होऊन राह्यलं."

"हो."

"तसेच हाय. भाजीत नाई टाकले?"

"नाई."

"काहून?"

मी पालकाच्या जुड्या उगाच सारख्या केल्या. "वास घेत होती."

"रोज?"

"रोज नाई. जास्त झालं की."

आई माझ्याकडे बघत राहिली. "तू तं म्हनत होती तिथं करमते."

"नाई करमत आई," मी म्हणाले. हे म्हणताना मला वाटलं होतं की ती रडेल, किंवा म्हणेल, मग ये परत. त्यातलं काही झालं नाही. तिने बरणीचं झाकण घट्ट लावलं, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मलेबी इथं लय वर्सं नाई करमलं. मी वाफा लावला, तू बरनीत ठेवलं."

मग ती पालक धुवायला लागली. मीही तिच्याशेजारी बसून मुळं पाण्यात हलवू लागले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता नाई पेरत. उन्हात दाना नाई भरत. दसरा झाला का पेरू." मी दोन-तीन जुड्या धुऊन झाल्यावर म्हणाले, "राखेत ठेव." तिने टोपली भरता भरता उत्तर दिलं, "मले शिकवतं?" मान वर केली तेव्हा बाबा रस्त्याकडून येत होते आणि ओरडत होते, "अवं, चारची गाडी गेली नं! तुमाले हाका मारू मारू घसा बसला!" आम्हा दोघींनाही एकही हाक ऐकू आली नव्हती.

दसऱ्यानंतर पेरणी झाली तेव्हा मी अकोल्यातच होते, तोंडी परीक्षा होती. परवा आईचा फोन आला. जेवली का, हे झालं. करमते का, हे ती आता विचारत नाही.

"उगवलं का?" मीच विचारलं.

"उगवलं. इरळ हाय. हाताहाताच्या अंतरानं एकेक."

"वास?"

"एवढुशाले कायचा वास? पान तं येऊ दे." मग म्हणाली, "आला जरासा. बोटानं चुरलं तं."

मी खोलीतल्या फळीवर बरणीची जागा रिकामी आहे, तिकडे बघत होते. पलीकडे मोटरीचा आवाज येत होता, म्हणजे ती वावरातूनच बोलत होती, चिखलाच्या हाताने फोन धरून.

"अन् आइक," आई म्हणाली, "यावर्शी दोन्ही टोकाले तुराट्या खोसल्या म्या. वाटेकडूनबी अन् इहिरीकडूनबी. तू कोनत्याबी बाजूनं ये."